घट्ट्याची बढाई नको, लाजही नको

फाटलेल्या तळहाताचा फोटो मोबाइलच्या स्टेटसला ठेवायची पद्धत सध्या शाळकरी मुलांमध्ये आली आहे. बोटांच्या मुळाशी सोललेली लाल कातडी, आजूबाजूला पांढरी भुकटी आणि खाली मर्दानगीचं एखादं वाक्य. माझ्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांच्या स्टेटसवर असे फोटो मी बऱ्याचदा पाहते. त्यातल्याच एखाद्याला दुसऱ्या दिवशी निबंध लिहायला सांगितला की तो पेन कसंबसं दोन बोटांच्या चिमटीत धरून बसतो. ज्या मुली वेटलिफ्टिंगच्या शालेय स्पर्धेची तयारी करतात, त्यांचं नेमकं उलट. त्या तळहात दाखवतच नाहीत. वही तपासायला देताना मूठ मिटलेली असते, ओढणीचं टोक हातात असतं. विचारलं तर म्हणतात, "काही नाही मॅडम, थोडी कातडी कडक झाली."

दोघांच्या हाताला जे झालंय ते एकच आहे, घट्टा. आणि दोघंही त्याची निगा राखत नाहीत. मुलगा राखत नाही, कारण त्याला ती शौर्याची खूण वाटते. मुलगी राखत नाही, कारण निगा राखायची तर आधी हात उघडून बघावा लागतो, कुणाला तरी दाखवावा लागतो. बढाई आणि लाज या दोन टोकांच्या गोष्टी, पण शेवटी हात दोघांचाही फाटतो. म्हणून आज हा थोडा वेगळा विषय.

मी शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. खेळाडू नाही, प्रशिक्षक नाही, डॉक्टर तर नाहीच. चाळिशी ओलांडल्यावर पाठ आणि गुडघे कुरकुरू लागले तेव्हा डॉक्टरबाईंनी सांगितलं, नुसतं चालून भागणार नाही, हाडं आणि स्नायू टिकवायचे तर वजन उचला. सोलापुरात आमच्या भागातल्या जिममध्ये दुपारी बायकांची बॅच असते, तिथं जायला लागले. त्याला आता चार वर्षं झाली. डेडलिफ्ट करते, लटकण्याचे व्यायाम करते, आणि माझ्या दोन्ही तळहातांवर मिळून सात घट्टे आहेत. सातही सपाट आहेत. एकदाही फाटले नाहीत. यात कसलीही करामत नाही, आठवड्यातली फार तर वीस मिनिटं जातात. ती वीस मिनिटं कशी घालवायची आणि ती घालवायला आपण का लाजतो, दोन्ही सांगते.

आधी घट्टा म्हणजे काय ते बघू. तळहाताची आणि तळपायाची कातडी इतर अंगासारखी नसते. ती जाड असते, तिच्यावर केस नसतात, घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, पण तेल सोडणाऱ्या ग्रंथी नसतात. म्हणून तळहात ओला लवकर होतो आणि कोरडाही लवकर पडतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब आला, घर्षण झालं, की तिथल्या पेशी जास्त वेगाने वाढतात आणि वरचा मृत पेशींचा थर जाड होत जातो. तोच घट्टा. हा आजार नाही. शरीरानं स्वतःच्या बचावासाठी केलेली ती सोय आहे. मुलांना मी त्यांचंच मधलं बोट दाखवते. वर्षानुवर्षं पेन टेकवून तिथं जो कडक उंचवटा आलेला असतो, तो घट्टाच. शिंप्याच्या अंगठ्याला कात्रीचा असतो, सतार वाजवणाऱ्याच्या बोटाला तारेचा असतो. नमाजमध्ये बसताना जमिनीला टेकणाऱ्या घोट्यावर येतो, काहींच्या कपाळावरही येतो. उर्दूत त्याला गट्टा म्हणतात. मराठीचा घट्टा आणि उर्दूचा गट्टा, एवढाच काय तो फरक.

दुसरा शब्द आहे फोड, उर्दूत छाला. हे दोन वेगळे ठेवले पाहिजेत. घट्टा सावकाश येतो. फोड घाईनं येतो. कातडीला जाड व्हायला वेळ न देता एकदम जास्त घासलं, की तिचे आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि मधे पाणी भरतं. जानेवारीत नवीन वर्षाचा संकल्प करून जिमला येणाऱ्यांच्या हाताला पहिल्याच आठवड्यात फोड येतात, घट्टे येत नाहीत. त्यावरचा उपाय साधा आहे. वजन आणि फेऱ्या हळूहळू वाढवा, कातडीला चार-सहा आठवडे द्या.

आता मुख्य मुद्दा. घट्टा असण्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते तो उंच झाल्यावर. कापडाला जाड ठिगळ लावलं तर पुढच्या वेळी कापड ठिगळावर फाटत नाही, ठिगळाच्या कडेला फाटतं. कारण जाड आणि पातळ जिथं भेटतात तिथं सगळा ताण येतो. तळहाताचंही तसंच आहे. घट्ट्याचा उंचवटा दांड्याखाली अडकतो, वजनानं ओढला जातो आणि कडेपासून सालीसारखा सुटून येतो. खालची कोवळी कातडी उघडी पडते. म्हणून ध्येय घट्टा घालवणं हे नाही, तो सपाट ठेवणं हे आहे. सगळाच काढून टाकला तर उद्या पुन्हा फोड येईल.

उंचवटा मुळात होतो तो पकडीमुळे. पाण्यानं भरलेली बादली उचलून बघा. कडी तळहाताच्या मध्यावर धरली तरी वजन आलं की ती घसरत बोटांच्या मुळाशी येते आणि येताना तळहाताची कातडी पुढे ढकलते. त्या कातडीची घडी पडते, घडी चिमटते आणि तिथंच घट्टा वाढतो. जिमच्या दांड्याचंही हेच होतं, फक्त बादलीत पंधरा-वीस किलो असतात आणि इथं साठ-सत्तर. म्हणून वजन जमिनीवरून उचलताना, अंगाकडे ओढताना किंवा लटकताना दांडा सुरुवातीपासूनच जिथं बोटं तळहाताला मिळतात त्या रेषेवर धरायचा. तो जिथं शेवटी जाणारच आहे तिथंच त्याला आधी बसवायचा, म्हणजे घसरायला जागा उरत नाही. वर ढकलायच्या व्यायामात मात्र उलट. बेंच प्रेस करताना किंवा डोक्यावर वजन नेताना दांडा तळहाताच्या खालच्या भागावर, मनगटाजवळच्या उशीवर घ्यायचा, म्हणजे भार सरळ हाताच्या हाडावर जातो. हा फरक सांगायला प्रशिक्षकाला एक मिनिट लागतं. आमच्या बाईंनी तो पहिल्याच आठवड्यात सांगितला. पण किती तरी मुलांना तो वर्षभर कुणी सांगितलेला नसतो.

दुसरी गोष्ट दांड्याची. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत पुरुषांचा दांडा २० किलोचा आणि २८ मिलिमीटर जाडीचा असतो, महिलांचा १५ किलोचा आणि २५ मिलिमीटरचा. तीन मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण लहान हाताच्या बाईला जाड दांडा पूर्ण मुठीत येत नाही, मग ती जास्त आवळते आणि कातडी जास्त घासते. लहान गावातल्या, मोहल्ल्यातल्या जिममध्ये एकाच मापाचे दांडे असतात आणि ते पुरुषांसाठी आणलेले असतात. बायकांची बॅच सुरू केली, फी घेतली, तर एक बारीक दांडाही आणावा, असं मला वाटतं. ही काही चैनीची मागणी नाही.

तिसरी गोष्ट भुकटीची. ती मॅग्नेशियम कार्बोनेट असते आणि घाम शोषून घेते. आमची काही मुलं वर्गातल्या डब्यातले खडू खिशात घालून जिमला नेतात, म्हणून मुद्दाम सांगते. शाळेचा खडू वेगळा असतो. तो कॅल्शियमचा, म्हणजे जिप्समचा किंवा चुनखडीचा. तो फळ्यावर उमटायला बनवलेला आहे, घाम तितका शोषत नाही. टाल्कम पावडर तर हाताला लावूच नका, तिनं पकड सुटते. आणि मॅग्नेशियमची भुकटीसुद्धा पातळ हातानं लावा. थराच्या थर चढवले की हात सुकतो, घर्षण वाढतं आणि कातडी तडकते. घर्षण हवं तेवढंच हवं, हे आपल्या जुन्या खेळांना ठाऊक आहे. मल्लखांबाच्या लाकडाला एरंडेल लावतात, ते अंग घासून सोलवटू नये म्हणूनच. व्यायाम झाला की भुकटी साबणानं धुऊन टाका. ती हातावर तशीच ठेवून घरी जाऊ नका.

अंगठी काढून ठेवा. बायकांनी तर नक्कीच. लग्नाची अंगठी दांड्याखाली आली की बोटाची कातडी दोन धातूंच्या मधे चिमटते. ती कुठं अडकली तर बोटालाच मोठी इजा होऊ शकते. हातमोज्यांविषयी दोन मतं आहेत. माझं मत असं की ज्यांना कामामुळे किंवा आजारामुळे हात मऊ ठेवणं भाग आहे त्यांनी ते खुशाल वापरावेत. पण मोज्यानं दांडा आणखी जाड होतो, आत घाम साचतो आणि सैल मोजा असेल तर त्याच्याच चुण्यांनी घट्टे पडतात. मोजा पकडीच्या चुकीवरचा इलाज नाही.

आता आठवड्याची ती वीस मिनिटं. आंघोळीनंतर किंवा कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं हात भिजवून घट्टा मऊ झाला की वज्रीनं हलकं घासायचं. वज्री म्हणजे टाच घासायचा दगड, ज्याला आमच्या घरात झावाँ म्हणतात. हातासाठी वेगळी ठेवा आणि घरात सगळ्यांची एक नको. बोट फिरवून बघायचं. घट्टा आजूबाजूच्या कातडीच्या पातळीला आला की थांबायचं. गुलाबी दिसेपर्यंत घासू नका. आठवड्यातून एकदा पुरतं, फार तर दोनदा. ब्लेडनं कापायचं नाही. नखं कापायच्या कटरनं कुरतडायचं नाही. दातांनी तर मुळीच नाही. आणि मेडिकलमधून पायाच्या कुरुपाची औषधी पट्टी आणून तळहाताला चिकटवायची नाही. तिच्यातलं आम्ल चांगली कातडीही जाळतं.

मग ओलावा. तळहाताला स्वतःचं तेल नाही हे आधी सांगितलं. त्यात आपण दिवसातून पाच वेळा वुजू करतो, भांडी घासतो, कपडे धुतो, शिक्षक असलो तर खडूत हात घालतो. प्रत्येक वेळी पाणी आणि साबण थोडा थोडा ओलावा घेऊन जातात. म्हणून रात्री, इशाची नमाज झाली, कामं आटोपली, की हात पुसून व्हॅसलीन किंवा खोबरेल चोळून झोपायचं. घट्टे फारच कडक असतील तर युरिया असलेलं मलम मिळतं. १० ते २० टक्क्यांचं मलम जाड कातडी मऊ करतं. ते त्वचेच्या डॉक्टरांना विचारून घ्यावं आणि जखमेवर लावू नये. व्यायामाच्या आधी मात्र हाताला काहीही तेलकट नको.

इतकं करूनही एखादे दिवशी हात फाटू शकतो. तेव्हा पहिलं काम म्हणजे थांबायचं. उरलेला संच पूर्ण करणं यात काही पुण्य नाही. तुमचं रक्त आणि दांड्यावरची घाण, दोन्ही त्या दांड्यावर येणाऱ्या पुढच्या माणसालाही भोवू शकतात. दांडा पुसा, हात वाहत्या पाण्यात साबणानं धुवा. झोंबेल, पण धुवा. सुटलेली कातडी पूर्ण मेलेली आणि लोंबती असेल तर तेवढीच स्वच्छ कात्रीनं कापा. चिकटलेली असेल ती ओढू नका. वर व्हॅसलीनचा पातळ थर द्या, जखमेला न चिकटणारी पट्टी बांधा आणि ती रोज बदला.

इथं आपल्याकडचा एक ठाम सल्ला आडवा येतो, "उघडी ठेव, वाळू दे." सगळ्या अम्मी हेच सांगतात, माझीही सांगायची. पण जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकानं १९६२ साली 'नेचर' या नियतकालिकात डुकरांवरचा एक प्रयोग मांडला. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या, वाळलेल्या जखमेपेक्षा लवकर चढते, असं त्यानं दाखवलं. त्यानंतर जखमेच्या पट्टीचं सगळं शास्त्रच बदललं. म्हणून हळद कोंबणं, टूथपेस्ट लावणं, रोज स्पिरिट ओतणं हे नको. फोड आला असेल आणि लहान असेल तर फोडू नका, वरची कातडी हीच त्याची सर्वांत चांगली पट्टी असते.

डॉक्टरकडे कधी जायचं? लाली पसरत चालली, हात गरम लागला, पू आला, जखमेपासून मनगटाकडे लाल रेघ वर चढताना दिसली, बोट सुजून वाकेना, ताप आला, यातलं एकही झालं तर त्याच दिवशी. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षं उलटली असतील तर तेही विचारून घ्या. मधुमेह असणाऱ्यांनी तर छोट्या भेगेलाही छोटं समजू नये. त्यांना कधी कधी दुखणं उशिरा कळतं आणि जखम भरायला वेळ लागतो. आणखी एक. प्रत्येक कडक गाठ घट्टा नसते. घट्ट्यावरून कातडीच्या बारीक रेषा सरळ पुढे जातात. चामखिळीत त्या रेषा तुटतात आणि बऱ्याचदा आत काळे ठिपके दिसतात. चामखीळ विषाणूमुळे होते, ती वज्रीनं घासली तर पसरते. शंका असेल तर घासण्याआधी दाखवा.

हे सगळं मी वर्गात सांगते तेव्हा मुलं हसतात. एक आवाज हमखास येतो, "मॅडम, हे तर ब्यूटी पार्लर झालं." या वाक्यातच सगळी अडचण आहे. हाताची निगा म्हणजे नाजूकपणा, आणि नाजूकपणा म्हणजे बाईपणा, असं एक समीकरण त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. त्यांना मी आमच्याच शहरातलं उदाहरण देते. ज्या मुलांचे वडील यंत्रमागावर काम करतात, त्यांनी आठवून बघावं. वडील मागाला तेल घालतात की नाही? घालतात. मग त्यांना कुणी नाजूक म्हणतं का? जिम्नॅस्ट हातावर चामड्याचे पट्टे बांधतात. वेटलिफ्टर अंगठ्याला टेप गुंडाळतात, कारण त्यांच्या पकडीत अंगठा बोटांच्या खाली दाबला जातो. जे खरोखर वजन उचलतात ते हाताला सर्वांत जास्त जपतात. फाटलेल्या हातानं पुढचे सात-आठ दिवस सराव होत नाही, हा साधा हिशेब त्यांना कळतो. फोटोला मिळालेले बदाम त्या दिवसांची भरपाई करत नाहीत.

आणि आमच्या मुलांचे हात नुसते सरावासाठी नसतात. यातले कितीतरी शाळा सुटल्यावर गॅरेजमध्ये बसतात, मागावर जातात, हातगाडीवर उभे राहतात. उघड्या जखमेत ऑइल आणि ग्रीस जातं. हात चिघळला की रोजंदारी बुडते, आणि ती बुडणं त्या घराला परवडत नाही. महाराष्ट्रात माथाडी कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला. त्यात ओझं वाहणाऱ्यांच्या मजुरीबरोबर त्यांच्या आरोग्याचा आणि सुरक्षिततेचाही विचार आहे. वजन उचलणाऱ्या शरीराची काळजी हा कामाचाच भाग आहे, हे हमालांनी झगडून मिळवलं. पैसे देऊन वजन उचलायला जाणाऱ्या मुलांनी ते विसरू नये.

आता मुलींकडे येते. "औरत के हातां ऐसे रहते क्या?" हे वाक्य मी स्वतःबद्दल ऐकलं आहे, एका मेहंदीच्या कार्यक्रमात, कोन हातात धरलेल्या एका बाईंकडून. माझं वय आणि माझी नोकरी अशी आहे की मी हसून हात पुढे ठेवला आणि म्हटलं, काढा, घट्ट्यावर रंग गडद चढतो. चढतोही, कारण मेहंदी जाड कातडीवरच जास्त रंगते, म्हणून तर तळहातावरची मेहंदी मनगटावरच्यापेक्षा गडद दिसते. पण सोळा वर्षांच्या मुलीला असं हसता येत नाही. रिश्ता बघायला येणाऱ्या बायका हात हातात घेऊन बघतात, हे तिला माहीत असतं. आईलाही माहीत असतं. मग एक दिवस मुलगी खेळ सोडते आणि शाळेत कारण सांगितलं जातं की अभ्यास वाढला.

मला याचा राग येतो, कारण आपल्या बायकांच्या हातांना घट्टे नव्हते असा काळ कधी होता? माझ्या नानीच्या हाताला जात्याच्या खुंट्याचे घट्टे होते. विहिरीवरच्या दोराचे होते. सोलापुरातल्या घराघरांत विडी वळणाऱ्या बायका आहेत. टेंभुर्णीचं पान कापून कापून त्यांच्या अंगठ्याला आणि बोटाला कात्रीचे घट्टे पडलेले मी लहानपणापासून बघते. ऊस तोडणाऱ्या बाईच्या हाताला कोयत्याचे असतात. त्या हातांना कुणी बायकी नाहीत असं म्हटलं नाही, कारण ते हात दुसऱ्यांचं पोट भरत होते. तोच घट्टा मुलीनं स्वतःच्या ताकदीसाठी कमावला की तो डोळ्यांत खुपतो. म्हणजे हरकत कडक कातडीला नाही. ती कुणासाठी कडक झाली, याला आहे.

ऑलिंपिकमध्ये भारतीय महिलेनं जिंकलेलं पहिलं पदक वेटलिफ्टिंगचंच होतं. २००० साली सिडनीत कर्णम मल्लेश्वरीनं ६९ किलो वजनी गटात एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक मिळवलं. महिलांचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं तेही त्याच वर्षी. टोकियोत ४९ किलो गटात २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवणारी मीराबाई चानू लहानपणी मणिपुरात जळणाच्या मोळ्या वाहायची. आणि आपल्या सांगलीचा संकेत सरगर, ज्याच्या घरची चहाची आणि पानाची टपरी, त्यानं २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. हे सगळे घट्टे पडलेल्या हातांचे लोक आहेत. त्यांचे हार घातलेले फोटो आपण फॉरवर्ड करतो. मग घरातल्या मुलीचा हात बघून तोंड का वाकडं करायचं?

कुणी म्हणेल, बाई, घट्ट्यासारख्या क्षुल्लक गोष्टीवर एवढं लिहायचं? पण मुलं-मुली खेळ सोडतात ते मोठ्या कारणांनी क्वचितच. बूट चावतात, कपड्यांवरून कुणी बोलतं, हात फाटतो, कुणी तरी हसतं. अशा लहान गोष्टी एकावर एक साचतात. त्यातली एक गोष्ट एका दगडानं आणि व्हॅसलीनच्या डबीनं मिटत असेल तर ती आधी मिटवावी.

म्हणून काही साधी मागणी. जिमचालकांनी हात धुवायला पाणी आणि साबण ठेवावा, प्रथमोपचाराची पेटी ठेवावी, दांडे रोज पुसावेत. प्रशिक्षकांनी वजन वाढवण्याआधी पकड शिकवावी आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाचा तळहात बघावा. शाळेत पी.टी.च्या सरांनी आणि मॅडमनी सरावाच्या पहिल्या आठवड्यात एक तास हाताच्या निगेला द्यावा, मुलामुलींना एकत्र बसवून. मुलींच्या आईंना माझं सांगणं आहे, लेकीचा हात हातात घ्या, उलटा करून बघा आणि रात्री तेल चोळताना दोन मिनिटं तिच्याशी बोला. तिनं किती किलो उचलले ते विचारा. ती सांगेल.